आधी घरात वाजवायचं

ज्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमचा अल्बम झाला. त्या अल्बमवर कुणी काही लिहिलं नाही, लिहील असं वाटतही नाही, म्हणून हे मीच लिहितो आहे.

आम्ही तिघं होतो. मी नांदेडचा. कॉम्प्युटरवर बीट बसवायचं काम माझं. माझी मावसबहीण अहमदपूरची, आमच्याकडे राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची, निदान तिच्या घरच्यांची तशी समजूत होती. तिसरा माझा कॉलेजातला मित्र, लोह्याच्या पुढं फाट्यावरून आत एक गाव आहे तिथला. नावं लिहायची नाहीत असं ठरवलं आहे, म्हणून त्याला लोह्याचा म्हणतो. कॉलेजातही त्याला सगळे तेच म्हणायचे. इंजिनिअरिंग संपवून आम्ही दोघंही सारखेच रिकामे होतो. मराठीत रॅप करायचो आणि विचारलं तर राजकीय रॅप करतो असं सांगायचो. म्हणजे सरकारला शिव्या द्यायचो. सरकारचं त्यानं काही बिघडत नव्हतं, आमचंही काही बिघडत नव्हतं, आणि कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये टाळ्या मिळायच्या.

हे बंद केलं मावसबहिणीनं. अल्बम करायचा असं ठरल्यावर ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "मंत्र्याला शिव्या द्यायला काय लागतंय? तो काय ऐकून राहिला का? ज्यानं त्यानं आपल्या घरावर बोलायचं. दुसऱ्याच्या घरावर बोलायचं न्हाई." लोह्याच्याला हे लगेच पटलं. मग तिनं दुसरी अट घातली. ज्याच्या घरावर गाणं असेल, त्याच्या घरात ते आधी वाजवायचं, मग जगात. पाठीमागं बोलायचं तर शेजारपाजार आहेच की, त्याला अल्बम कशाला पाहिजे, असं तिचं म्हणणं. ही अट मला मूर्खपणाची वाटली होती. पण घरात तिच्यापुढं कुणाचं चालत नाही.

रेकॉर्डिंगला नांदेडात एका गल्लीतला स्टुडिओ मिळाला. तिथं भजनं, जयंतीची गाणी, निवडणुकीची गाणी आणि दुकानांच्या जाहिराती असं सगळं एकाच खोलीत व्हायचं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्या होत्या. रेकॉर्डिंग चालू असताना कूलर बंद ठेवावा लागे, आणि तसाही कूलरमध्ये टाकायला पाणी नव्हतं. घामानं अंगाला गोधडीचा वास लागायचा. स्टुडिओवाला पन्नाशीचा, पोटापुरता बाजा वाजवणारा माणूस. आमचं पहिलं गाणं ऐकून तो म्हणाला, "बोलणं झालं. आता चाल लावा की." चाल हीच आहे हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. मात्र हलगी कशी घ्यायची, माइक किती लांब धरायचा, हे त्यानंच शिकवलं. एका गाण्याला मी टँकरच्या इंजिनाची घरघर खालून लावली होती. ती ऐकून तो खुर्चीतून उठला आणि खिडकीतून रस्त्यावर बघून आला.

माझं गाणं वडिलांवर होतं. आजोबांनी घरातले देव उतरवले तेव्हापासून आमच्या समोरच्या खोलीत निळ्या कोटातला एकच फोटो असायचा. वडिलांना सरकारी नोकरी लागली, आम्ही नव्या कॉलनीत राहायला आलो, आणि फोटो आतल्या बेडरूममध्ये गेला. हॉलमध्ये धबधब्याचं चित्र लागलं. हे सगळं मी गाण्यात घातलं आणि नियमाप्रमाणे जेवण झाल्यावर वडिलांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "फार भरभर म्हणतोस," ते म्हणाले, "आणि हॉलच्या भिंतीला ओल आहे. फोटो खराब होतो." त्या वर्षी सगळ्या मराठवाड्यात ओल असलेली ती एकच भिंत असेल. आईनं भांडी आवरायला घेतली आणि विषय संपला.

मावसबहिणीचं गाणं तिच्या वडिलांवर, म्हणजे माझ्या काकांवर. त्या काळात नवा जिल्हा होणार अशी हवा होती. नवा जिल्हा व्हावा याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. तो उदगीरला व्हावा की अहमदपूरला, याबद्दल मात्र बोलणं भांडणावर जायचं. काका अहमदपूरच्या बाजूनं रोज चौकातल्या आंदोलनाच्या मांडवात जाऊन बसायचे. घरी नळ कधी येईल याचा पत्ता नसे, आणि आला की मावशी आणि धाकट्या बहिणी घागरी घेऊन पळत. काका मांडवात जिल्हा मागत असत. गाण्यात ती म्हणायची, जिल्हा आणा, कलेक्टर आणा, आधी एक घागर उचलून आणा. हे ऐकवायला आम्ही एसटीनं अहमदपूरला गेलो. काकांना गाणं भयंकर आवडलं. त्यांनी त्यातला फक्त "जिल्हा आणा" एवढाच भाग ऐकला असावा. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मांडवातल्या कर्ण्यावर लावलं आणि दिवसभर लावून ठेवलं. मावशी दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. मावसबहीण मात्र येताना बसमध्ये धुमसत होती. आपलं गाणं कुणाला लागलंच नाही, याचा तिला फार राग आला होता.

मग राहिला लोह्याचा. त्याच्या शेतात विहीर होती, आणि आसपासच्या विहिरी आटल्या तरी तिला पाणी होतं. तहसीलनं ती टँकर भरायला घेतली होती. सकाळी टँकर यायच्या आधीचा वेळ त्याच्या वडिलांनी गावासाठी ठेवला होता, तो त्यांच्या मर्जीचा. आधी भावकी, मग बाकीचं गाव, आणि सगळ्यांत शेवटी आमच्या लोकांची वस्ती. वस्तीतल्या बायकांनी रहाटाला हात लावायचा नाही. त्यांनी घागर खाली ठेवून मागं सरकायचं, घरचा गडी वरून पाणी ओतणार. हे काही कुठं लिहिलेलं नव्हतं. पण कुणाला सांगावंही लागत नव्हतं. लोह्याचा लहानपणापासून हे बघत आला होता. त्यानं लिहिलं:

इहीर आमच्या बापाची, दोर आमच्या बापाचा,
पाणी कुणाच्या बापाचं, सवाल न्हाई इचारायचा.
घागर ठेव, मागं सर, मान खाली, हात जोड,
वरून पडल तेवढं तुजं, सांडल तेवढं सोड.

अशा सोळा ओळी होत्या. त्यानं त्या एका दमात म्हटल्या. म्हणून झाल्यावर गोधडीला डोकं टेकून तो उभा राहिला. स्टुडिओवाल्यानं त्या दिवशी चालीचं नाव काढलं नाही. अल्बममधलं सगळ्यांत चांगलं गाणं तेच, हे आम्हाला तिथंच कळलं. खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. वरून पडणारं पाणी माझ्या आजीनं झेललेलं, आणि गाणं मात्र ओतणाऱ्याच्या घरच्या पोरानं लिहिलं होतं.

नियमाप्रमाणे आम्ही त्याच्या गावी गेलो. ओसरीवर सतरंजी टाकली होती. त्याचे वडील गोरे, उंच, अतिशय सभ्य. माझ्या वडिलांची चौकशी केली, मावसबहिणीला अभ्यासाचं विचारलं. चहा आला तो कागदी कपात. त्यांनीही कागदी कपातच घेतला. दुष्काळात कपबशा विसळायला पाणी कुठून आणायचं, हे कारण अगदी खरं होतं. त्या उन्हाळ्यात खऱ्या कारणांची चंगळ होती. लोह्याच्यानं छोटा स्पीकर मध्ये ठेवला आणि गाणं लावलं. आतल्या खोलीत भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला. वडील शेवटपर्यंत मुलाकडे बघत राहिले. गाणं संपल्यावर म्हणाले, "आवाज चांगला हाय तुजा. घरात कधी इतकं बोलला न्हाईस." मग चप्पल घालून शेताकडं गेले.

आम्ही खूश. अखेर एका घरात तरी गाणं पोचलं होतं. फाट्यावर थांबून आम्ही भजी खाल्ली आणि मावसबहीण पहिल्यांदा हसली.

दोन दिवसांनी लोह्याच्याच्या फोनवर वस्तीतून फोन आला. वस्तीत एक पन्नाशीची बाई होती, मजुरीला जाणारी. पाण्याच्या ओळीत कुणी कुठं उभं राहायचं, बाळंतिणीचं कुणी आणायचं, हे ती ठरवायची. तिला सगळे अक्का म्हणत. तिच्याकडे लोह्याच्याचा नंबर होता, कारण वस्तीतल्या कुणाला दवाखान्यासाठी नांदेडला यायचं असलं की तोच धावाधाव करायचा. त्यानं फोन स्पीकरवर टाकला. अक्का म्हणाली, "मालकांनी वस्तीला पाणी बंद केलं, बाबा. म्हणले, ज्या पाण्यानं तुमची बेइज्जती होती ते पाणी मी कसं देऊ? मला पाप लागंल म्हणले. पोरानं माजे डोळे उघडले म्हणले. तू काय केलास?"

वस्तीवर टँकर येतो असं कागदावर होतं, पण तो यायचा फाट्यावर, तोही कधी यायचा, कधी नाही. म्हणजे बायकांनी डोक्यावर घागरी घेऊन उन्हात फाट्यापर्यंत जायचं, थांबायचं, आणि टँकर आला नाही तर तसंच परत यायचं. अक्काची सून पोटुशी होती. आमच्या सोळा ओळींची किंमत अशी त्या बायकांकडून वसूल होत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही वस्तीत गेलो. एसटीत मावसबहीण खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नियम आपलाच होता आन् आपणच मोडला. गाणं दोन घरांवर होतं. एकातच वाजवलं." मला हे सुचलं नव्हतं. मी त्या वस्तीसारख्याच वस्तीतून आलेल्या घरातला, आणि तिथं आधी जायला पाहिजे होतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. एका कॉलनीनं माणूस किती लांब जातो!

वस्तीतल्या विहारात बायका जमल्या. लोह्याचा बाहेरच उभा राहिला. त्याला अक्कानं आत बोलावून बसवलं. आम्ही गाणं वाजवलं. अक्कानं ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं.

"खरं हाय," ती म्हणाली. "समदं खरं हाय. पण आता काढून ठिव. पाऊस पडूस्तोर काढून ठिव. नाले भरू दे, हापशाला पाणी येऊ दे, मग वाजव गावभर. तवा आमाला कुणाच्या बापाची गरज न्हाई."

एक तरुण बाई म्हणाली, "का म्हणून काढायचं? आपण काय चोरी केली का?" अक्कानं तिच्याकडं बघितलंही नाही. "तू जातीस का फाट्यावर माज्या सुनंच्या बदली?" एवढंच म्हणाली.

लोह्याच्यानं तिथूनच वडिलांना फोन करून सांगितलं की गाणं अल्बममध्ये नाही. वडील "बरं" म्हणाले. दुसऱ्या सकाळी वस्तीची ओळ पुन्हा विहिरीवर लागली, त्याच जागी, सगळ्यांच्या शेवटी, आणि पाणी पूर्वीसारखंच वरून पडायला लागलं.

अल्बम आला तो त्या सोळा ओळींशिवाय. बीट होता, हलगी होती, टँकरची घरघर होती, आणि बोलायच्या जागी कुणीच बोलत नव्हतं. मी ते गाणंच काढून टाकायला निघालो होतो. पण मावसबहीण म्हणाली, जागा राहू दे. ज्या थोड्यांनी ऐकलं त्यांनी याचं फार कौतुक केलं. काय डोकं लावलंय, दुष्काळात शब्दसुद्धा आटले हे दाखवलंय, असा पुण्याच्या एका पोराचा मेसेज आला. मला त्या पोराचा इतका संताप आला की मी उत्तरच दिलं नाही. शब्द आटले नव्हते. माझ्या कॉम्प्युटरमध्ये तस्सेच होते.

पुढं पाऊस आला तो रीतसर आला नाही, कोसळला. पूल बुडाले, सोयाबीन वाहून गेलं, इस्लापूरकडं धबधबा बघायला गाड्यांची रांग लागली. जिल्ह्याचा मांडव एका रात्रीच्या वाऱ्यानं उडाला आणि काका घरी बसायला लागले. जिल्हा काही झाला नाही. एके दिवशी अक्काचा फोन आला. "पडला की पाऊस. हापसा भरला. आता लाव."

लोह्याचा तोवर गावी शेती बघायला गेला होता. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "बहिणीचं लग्न जमून राहिलंय. पावण्यांच्या कानावर गेलं तर अवघड होईल. आता राहू दे ना." त्याच्या बहिणीचं खरंच जमत होतं. खोटं तो कधीच बोलला नाही. मी त्याला नाही नाही ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि "तुजं बरोबर हाय" म्हणून फोन ठेवला. त्याचा मला आणखी राग आला.

फाइल माझ्याकडे होती. बटण दाबायचं काम. मी मावसबहिणीला म्हणालो, टाकून देऊ. ती नाही म्हणाली. "घर त्याचं हाय. ओळी त्याच्या हायेत. त्यानं न्हाई म्हणलं तर न्हाई." मग अक्काला सांगणार कोण, असं मी विचारलं. "आपण," ती म्हणाली.

आम्ही दोघं गेलो. पाऊस उघडला होता आणि वस्तीत चिखल होता. अक्का विहाराच्या पायरीवर नातीला मांडीवर घेऊन बसली होती. आम्ही सांगितलं. तिनं लोह्याच्याला दोष दिला नाही. "बहिणीचं हाय, त्याचं बी खरंच हाय," म्हणाली. मग नातीला सुनेकडं देत तिनं विचारलं, "तुमच्यात आपल्या घरावरच बोलायचं असतंय न्हवं?"

हाव, म्हणाली मावसबहीण.

"मग ती इहीर त्याच्या घरची. पण तहान कुणाच्या घरची होती? ती तर माज्या घरची. मी बोलते. घ्या."

वस्तीतून गोधड्या आल्या, विहाराच्या खिडक्यांवर लावल्या. लॅपटॉप आणि माइक माझ्या सॅकमध्ये कायमच असायचे. मी लॅपटॉप उघडला, माइक जोडला, तिच्या कानाला हेडफोन लावला. बीट कुठं सुरू होतो, किती जागा आहे, हे समजावून सांगितलं. तिनं मान हलवली आणि बोलायला लागली. यमक नव्हतं, ठेका नव्हता. ओळीत कुठं उभं राहायचं, पाणी वरून पडताना हाताच्या कोपरावरून कसं आत झंपरात जातं, लहानपणी रहाटाला हात लावला म्हणून आईनंच कशी थोबाडीत मारली होती. जागा संपली, हलगी संपली. ती थांबली नाही, आणि तिला थांबवावं असं मला वाटलं नाही. मग ती म्हणाली, "यंदा नांदेडाहून तीन पोरं आली. लई शिकलेली. आमची बेइज्जती त्यांनी मालकाच्या ओसरीवर वाजवली. आमाला इचारलं न्हाई. आमचं पाणी गेलं. माजी सून सातव्या महिन्यात फाट्यावर चक्कर येऊन पडली. पोरं भली हायेत. पण पाणी आमचं गेलं."

सून पडली होती हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सून तिथंच दारात पोर घेऊन उभी होती.

बोलून झाल्यावर अक्कानं हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "आता ज्याच्या घरावर त्याला आधी ऐकवायचं, असंच हाय न्हवं? तुमच्या बी घरावर हाय. बसा." आणि आम्हाला सतरंजीवर बसवून तिनं मला ते लावायला लावलं. वस्तीतल्या बायका आमच्याकडं बघत उभ्या होत्या. ऐकताना कुठं बघावं ते मला कळेना. वडिलांनी माझं गाणं ऐकून घेतलं होतं आणि भिंतीच्या ओलीचं निमित्त पुढं केलं होतं. तसलं एखादं खरं कारण मला त्या वेळी हवं होतं. चक्कर उन्हामुळंही येते, टँकरवाला चुकार होता, हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं.

आवाज थांबला. अक्कानं विचारलं, "ठिवायचं का काढायचं?"

"ठेवायचं," मावसबहीण म्हणाली. ती रडत होती आणि डोळे पुसत नव्हती.

अक्का माझ्याकडं बघत राहिली. बीट माझा होता, फाइल माझ्याकडे होती. ठेवायचं, मी म्हणालो. मला ते जड गेलं, आणि जड जातंय हे तिला दिसत होतं.

"उचला मग ते सामान," ती म्हणाली. तिनं पदर खोचला आणि चिखलातून पुढं निघाली, मालकांच्या ओसरीकडं.